लेअर्गच्या पुढे

ब्रिटनच्या नैऋत्येस लँड्स एंड आहे आणि ईशान्येच्या टोकाशी जॉन ओ'ग्रोट्स. या दोहोंमधील रस्त्याचे अंतर परंपरेने ८७४ मैल, म्हणजे सुमारे १,४०७ किलोमीटर मानले जाते. मोटारींची वर्दळ टाळून आडवाटांनी जाणाऱ्या सायकलस्वाराला मात्र ते हजार मैलांच्या घरात पडते. १८८० साली दोघा तरुणांनी उंच चाकाच्या जुन्या सायकलींवर हा पल्ला १३ दिवसांत पार केला होता. २०१८ मध्ये मायकेल ब्रॉडविथ या स्वाराने तोच ४३ तास, २५ मिनिटे आणि १३ सेकंदांत संपवला. स्कॉटलंडमध्ये शिरल्यावर त्याच्या मानेचे स्नायू थकून निकामी झाले, मस्तक उभे राहीना. तेव्हा एका हाताने हनुवटी उचलून धरून आणि दुसऱ्या हाताने सायकल सावरत त्याने पुढचा रस्ता कापला.

परंतु विक्रमासाठी निघणारे थोडेच. दरवर्षी उन्हाळ्यात या वाटेवर जे स्वार दिसतात, त्यांतील बहुतेक जण दहा ते चौदा दिवसांच्या बेताने निघतात आणि बहुतेकांच्या पाठीवर कुठल्यातरी संस्थेचे नाव असते. कर्करोग, हृदयविकार, स्मृतिभ्रंश, बालकांचे रुग्णालय, मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणारे आश्रयगृह. काहींच्या सदऱ्याच्या पाठीवर एखाद्या व्यक्तीचे छायाचित्र छापलेले असते आणि त्याखाली दोन साले. क्रिकेटप्रेमी वाचकांना इयान बोथम आठवेल. १९७७ मध्ये पायाच्या दुखापतीसाठी टाँटनच्या रुग्णालयात गेला असता त्याने रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त असलेली मुले पाहिली. १९८५ साली तो याच दोन टोकांमधील अंतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे, त्या रोगाच्या संशोधनासाठी पायी चालला. त्यानंतर या रस्त्याचे आणि दानाचे नाते अधिकच घट्ट झाले.

सायकलस्वार बहुधा उलट दिशेने, दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. कारण व्यवहारी आहे: त्या देशात वारा बहुतेक नैऋत्येचा असतो आणि तो पाठीशी असावा. आरंभीचे कॉर्नवॉल आणि डेव्हन हेच सर्वांत दमवणारे. तिथल्या टेकड्या उंच नाहीत, पण एक उतरावी तोच दुसरी उभी राहते. स्कॉटलंडचे डोंगर नकाशावर भीतिदायक वाटतात, रस्ते मात्र लांब आणि सौम्य चढाचे. ड्रमॉक्टरची खिंड ४६० मीटर उंचीवर आहे. ती ओलांडली की मनातून अर्धी चिंता जाते. इनव्हरनेस शहर येते, १९८२ साली खुला झालेला केसॉक पूल येतो, आणि पुलाच्या मध्यावर प्रथमच वाटते की आता हे संपणार.

इथपर्यंत येताना शरीराची एक घडी बसलेली असते. पहाटेची ओट्सची लापशी, साखळीला तेल, चाकांतील हवा पाहणे, दर दोन तासांनी काहीतरी खाणे. बसण्याच्या जागी पडलेले घट्टे आता दुखत नाहीत. हाताच्या करंगळ्या मात्र मूठ धरून धरून बधिर झालेल्या असतात, आणि त्या पुढे कित्येक आठवडे तशाच राहतात. इनव्हरनेसपासून शेवटचे टोक तीन, फार तर चार दिवसांवर. दुखणे बहुधा याच वेळी डोके वर काढते. दहा दिवस मुकाट्याने राबलेला गुडघा मुक्काम दिसू लागला की आपले येणे मागू लागतो.

इनव्हरनेसच्या उत्तरेस दोन वाटा फुटतात. एक पूर्व किनाऱ्याने, मालमोटारींच्या सोबतीने, हेल्म्सडेल आणि विक या गावांवरून जाते. दुसरी लेअर्ग या लहानशा गावावरून थेट उत्तरेस, निर्मनुष्य पठारावर शिरते. शहाणे स्वार दुसरी निवडतात. या लेअर्गला एक रेल्वे स्थानक आहे, गावाच्या थोडे दक्षिणेस. इनव्हरनेसहून विक आणि थर्सोकडे जाणारा लोहमार्ग इथे येतो आणि इथूनच सायकलच्या वाटेपासून दूर पूर्वेकडे वळतो. दिवसातून मोजक्याच गाड्या. लेअर्गला सायकल गाडीत चढवली तर काही तासांत थर्सो, आणि थर्सोपासून जॉन ओ'ग्रोट्स अवघे वीस मैल. लेअर्गनंतर मात्र उत्तर किनारा गाठून थर्सोला पोहोचेपर्यंत या वाटेवर पुन्हा रेल्वे नाही.

गुडघ्याने दगा दिलेला एखादा स्वार लेअर्गच्या त्या फलाटावर डोळ्यांसमोर आणावा. एकटाच निघालेला, पन्नाशी उलटलेला. घरी संस्थेच्या नावाने दोन-अडीच हजार पौंड जमा झालेले. पुढे दोन दिवसांचे निर्जन रान, समोर गाडी. थर्सोला उतरून शेवटचे वीस मैल रखडत जायचे, खांबाजवळ छायाचित्र काढायचे. कोण विचारणार आहे? संस्थेचे पैसे कमी होत नाहीत, रुग्णाचे औषध थांबत नाही. मग चुकते कुठे?

व्यापारी घरातील वाचकाला या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडा हिशेब पाहावा लागेल. ब्रिटनमध्ये अशा फेऱ्यांसाठी पूर्वी एक छापील कागद असे. त्यावर रकाने: नाव, पत्ता, मैलामागे किती पेन्स, एकूण रक्कम, आणि शेवटी 'पोहोचली' अशी खूण करण्यास जागा. शेजारी, सहकारी, दुकानातील नेहमीचे गिऱ्हाईक त्यावर आपला आकडा घालीत. फेरी पूर्ण झाली की स्वार तो कागद घेऊन दारोदार जाई आणि कबूल केलेली रक्कम गोळा करी. म्हणजे टोकाला पोहोचलेला माणूस हा धनको असे. त्याचे काम झालेले, आता जगाकडून येणे. वसुलीचा त्रास काय असतो हे पेढीवर बसणाऱ्यास सांगणे नको. आकडा घालताना उदार असलेला हात पैसे काढताना आखडतो, कुणी गाव सोडून जातो, कुणाला आठवतच नाही. पुष्कळ स्वार सांगत की हजार मैलांपेक्षा ही शेवटची गल्ली लांब.

या शतकाच्या आरंभी 'जस्टगिव्हिंग'सारखी संकेतस्थळे आली आणि हा व्यवहार उलटा झाला. आता देणारा आधीच, कार्डाने, पूर्ण रक्कम भरतो. स्वाराने लँड्स एंडला पहिला पायटा मारण्यापूर्वीच निम्म्याहून अधिक पैसे संस्थेच्या खात्यावर पोहोचलेले असू शकतात. त्यावर सरकारचीही भर पडते. 'गिफ्ट एड' नावाची योजना तिथे १९९० पासून आहे. दात्याने आयकर भरलेला असेल तर त्याच्या प्रत्येक पौंडामागे संस्था सरकारकडून २५ पेन्स मागून घेते. शंभराचे सव्वाशे होतात. सोय मोठी, वसुली संपली. पण खतावणीत एक बाजू बदलली, हे फारसे कुणी बोलून दाखवत नाही. स्वार आता धनको राहिला नाही. तो ऋणको झाला. पैसे मिळालेले आहेत, माल अजून पोहोचवायचा आहे. आणि माल म्हणजे काय, तर त्याने स्वतःच्या पायांनी कापलेले मैल. दुसऱ्या कुणाला त्यांचा काही उपयोग नाही, विकता येत नाहीत, परत करता येत नाहीत.

खर्चाचाही एक प्रश्न याच ठिकाणी येतो. जो स्वार प्रवास, मुक्काम आणि जेवण स्वतःच्या खिशातून करतो, त्याच्या दात्यांचा पैसा सरळ कामाला जातो. परंतु काही संघटित सहलींमध्ये जमवलेल्या देणग्यांतूनच सहभागी व्यक्तीचा खर्च भागवला जातो. तिथल्या करखात्याने याची दखल घेतली आहे: प्रवासाचा खर्च संस्था करीत असेल, तर स्वतः स्वाराने किंवा त्याच्या निकटच्या कुटुंबीयांनी दिलेल्या रकमेवर 'गिफ्ट एड'ची भर सहसा मिळत नाही. आईने मुलाला सहलीला पाठवणे आणि आईने रुग्णालयाला दान देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, इतकाच त्याचा अर्थ. देणाऱ्याने हे आधी विचारावे. विचारण्यात कसलाही अविश्वास नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात 'पॅन-मॅस चॅलेंज' नावाची सायकलफेरी १९८० साली अवघ्या ३६ स्वारांनिशी सुरू झाली. तिचे संस्थापक बिली स्टार यांची आई कर्करोगाने गेली होती. बॉस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेसाठी ही फेरी दर ऑगस्टमध्ये निघते. तिथे नियम व्यापाऱ्याला शोभेलसा आहे. नाव नोंदवतानाच स्वार किमान अमुक इतके डॉलर जमवीन अशी हमी देतो आणि आपल्या कार्डाचा क्रमांकही देतो. मुदतीत रक्कम कमी पडली, तर उरलेली त्याच्याच कार्डावरून वसूल होते. स्वारांनी जमवलेला प्रत्येक डॉलर संस्थेकडे जातो. आयोजनाचा खर्च प्रायोजक आणि नोंदणीशुल्क यांतून निघतो. इथे पैशाची हमी आहे. मैलांची हमी मात्र कुठलेही कार्ड देऊ शकत नाही.

लेअर्गच्या फलाटावरील त्या स्वाराला कॅनडातील एका तरुणाची हकीकत उपयोगी पडेल. तो सायकलवर नव्हता, धावत होता. टेरी फॉक्सचा उजवा पाय १९७७ मध्ये हाडाच्या कर्करोगामुळे गुडघ्याच्या वर कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवून सेंट जॉन्स शहराहून धावण्यास आरंभ केला. रोज सुमारे ४२ किलोमीटर. संध्याकाळी जिथे थांबे, सकाळी नेमक्या त्याच जागेवरून पुढे निघे. मागून व्हॅन असे, त्यात त्याचा मित्र. एका वृत्तपत्रीय स्तंभलेखकाने लिहिले की क्वेबेक प्रांतातून हा मुलगा गाडीत बसून आला. हे वाचून टेरी अतिशय दुखावला. कृत्रिम पायाच्या खोबणीत रक्त येत असताना जे त्याने सहन केले, त्याहून हा आरोप त्याला जड गेला. बाहेरून पाहणाऱ्यास यात अतिरेक वाटेल. पण ज्याच्याजवळ विकायला केवळ मैल आहेत, त्याच्या वजनमापावर संशय घेतला तर दुसरे काय होणार?

त्याच्या धावण्याला बळ मिळाले ते एका व्यापाऱ्याकडून. 'फोर सीझन्स' हॉटेलांचे संस्थापक इसाडोर शार्प यांचा तरुण मुलगा दोन वर्षांपूर्वीच कर्करोगाने गेला होता. त्यांनी मैलामागे दोन डॉलर देण्याचे जाहीर केले आणि इतर ९९९ कंपन्यांनाही तसेच करण्याचे आवाहन केले. बोली मैलाची होती. १ सप्टेंबर १९८० रोजी, १४३ दिवसांनंतर आणि ५,३७३ किलोमीटरनंतर, थंडर बे शहराजवळ टेरीला थांबावे लागले. रोग फुप्फुसांत पोहोचला होता. पॅसिफिक अजून तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर होता. त्याने काही लपवले नाही. पत्रकारांसमोर स्ट्रेचरवर पडून, रडत, जे होते ते सांगितले. त्यानंतर एका आठवड्यात दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमातून एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. कॅनडातील प्रत्येक माणसामागे एक डॉलर, हे त्याचे मूळ उद्दिष्ट होते. ते फेब्रुवारी १९८१ मध्ये पूर्ण झाले: दोन कोटी एकेचाळीस लाख डॉलरहून थोडे अधिक. २८ जून १९८१ रोजी तो गेला, तेव्हा तेवीस वर्षांचाही नव्हता. त्याच वर्षापासून त्याच्या नावाची दौड सुरू झाली. ती पुढे अनेक देशांत पसरली आणि मुंबईतही झाली.

त्या दात्यांपैकी कुणीही उरलेल्या मैलांचा हिशेब मागितला नाही. मागण्यासारखे काही नव्हते, कारण किती मैल झाले आणि किती राहिले हे त्यांना नेमके ठाऊक होते. लेअर्गहून गाडी पकडणाऱ्या स्वाराची अडचण गाडीची नाहीच. त्याने त्याच संध्याकाळी आपल्या पानावर दोन ओळी लिहिल्या, 'गुडघा गेला, इथून थर्सोपर्यंत रेल्वेने जात आहे', तर एकही दाता रुसणार नाही. उलट एखादा अधिक देईल. वैद्याने थांब म्हटले असता पुढे जाणे ही तर निव्वळ हट्टाची गोष्ट, आणि अशा हट्टापायी निर्जन पठारावर सुटकेच्या पथकाला धावाधाव करायला लावणे हे परोपकाराच्या नावाखाली इतरांवर टाकलेले ओझे. पण त्या दोन ओळी न लिहिता खांबाजवळचे छायाचित्र लावले, तर पुढची कित्येक वर्षे दुकानात कुणी 'काय, पूर्ण हजार मैल?' असे कौतुकाने विचारील आणि दर वेळी उत्तर द्यावे लागेल. आजकाल मनगटावरचे यंत्र प्रत्येक वळणाची नोंद ठेवते, हा मुद्दा गौण आहे. ते बंद करता येते.

बहुतेक स्वार तिसरे काहीतरी करतात. लेअर्गला एक दिवस मुक्काम करतात, गुडघ्यावर बर्फ ठेवतात, खोगीर अर्धा इंच वर घेतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत हलक्या गिअरवर निघतात.

मग तो प्रसिद्ध रस्ता. एकाच गाडीच्या रुंदीचा, मधूनमधून समोरच्या वाहनाला वाट देण्यासाठी फुगवलेला. तेरा मैलांवर क्रास्क इन नावाची एकाकी पांथशाळा लागते. मैलोगणती दुसरे घर नाही. आधीच्या मालकांनी ही पांथशाळा निवृत्त होताना स्कॉटिश एपिस्कोपल चर्चला दान दिली; चहा आणि ऊब तिथे आजही मिळते. पुढे आल्टनाहारा. ३० डिसेंबर १९९५ रोजी इथे उणे २७.२ अंश तापमान नोंदले गेले, ब्रिटनच्या नीचांकाशी बरोबरी करणारे. उन्हाळ्यात थंडी नसते, पण वारा पडला की चिलटांचे ढग उठतात आणि थांबलेल्या माणसाला ती क्षणभरही बसू देत नाहीत. दुखरा गुडघासुद्धा मग चालू लागतो.

आल्टनाहाराच्या पुढे नेव्हर नदीचे खोरे सुरू होते. हिरवे, सुंदर, आणि रिकामे. हे रिकामेपण निसर्गाचे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लोकरीचा भाव चढला तेव्हा सदरलँडच्या जमीनदारीने इथली गावे उठवून जमीन मेंढपाळीला दिली. १८१४ साली कारभारी पॅट्रिक सेलर याच्या हुकमाने घरांची छपरे जाळली गेली. त्याच्यावर १८१६ मध्ये इनव्हरनेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. उठवलेली कुळे किनाऱ्यावरच्या खडकाळ तुकड्यांवर पाठवली गेली. त्यांतील एका वस्तीचे नाव बेटीहिल. ते जमीनदारीण एलिझाबेथ हिच्या नावावरून पडले असे सांगतात. रोझाल गावाच्या घरांचे चौथरे अजून दिसतात. एखाद्या आजारी माणसासाठी गोळा केलेल्या पौंडांचा विचार करीत जाणाऱ्या स्वाराला इथे वेगळाच हिशेब भेटतो. बहुतेक जण थोडे थांबतात, पाणी पितात.

बेटीहिलला समुद्र दिसतो. रस्ता पूर्वेस वळतो आणि आता वारा खरोखर पाठीशी येतो. टेकड्या मात्र पुन्हा कॉर्नवॉलसारख्या. डून्रेच्या बंद पडलेल्या अणुभट्टीचा गोल घुमट डाव्या हाताला सरकतो, थर्सो येते, तिथले रेल्वे स्थानकही येते. मग उरलेले वीस मैल. या शेवटच्या टप्प्यात आनंद होईल अशी अपेक्षा असते. पुष्कळांना एक प्रकारची उदासी येते. दोन आठवडे सकाळी उठून काय करायचे हा प्रश्न पडला नव्हता. उद्या पडणार आहे. काही जण शेवटच्या मैलात मुद्दाम सावकाश जातात.

आणि टोक तसे टोकही नाही. ब्रिटनच्या मुख्य भूमीचा अगदी उत्तरेचा बिंदू डनेट हेड. तो मागे डावीकडे राहून गेलेला असतो. जॉन ओ'ग्रोट्स हे नाव यान दे ग्रोट या डच माणसाचे. १४९६ च्या सुमारास त्याने इथून ऑर्कनी बेटांकडे नाव चालवण्याचा परवाना मिळवला. म्हणजे हे गाव मुळात उतारूंच्या धंद्यावर वसलेले. आज तिथे वाहनतळ आहे, चहाची दुकाने आहेत, मेंढीच्या लोकरीच्या टोप्या आहेत आणि दिशा दाखवणारा पांढरा खांब आहे. खांबापाशी रांग असते. स्वाराची पाळी येते, कुणीतरी अनोळखी माणूस छायाचित्र काढून देतो, सायकल डोक्यावर उचलण्याचा आग्रह करतो. करंगळ्या बधिर असल्याने ती नीट पेलत नाही.

मग लक्षात येते की इथे रेल्वे नाही. न्यायला कुणी गाडी घेऊन आले नसेल, तर विकचे स्थानक दक्षिणेस सतरा मैलांवर. एव्हाना वारा समोरून असतो. हे सतरा मैल कुठल्याही हिशेबात नाहीत, त्यांसाठी कुणी पेनीही दिलेली नाही, आणि गुडघा त्यांतही दुखतोच. विकला सायकलीसाठी आधी जागा राखून ठेवलेली असावी लागते. डब्यात मोजक्याच सायकली मावतात. गाडी थर्सोला जाऊन उलटी फिरते, दलदलीचे विस्तीर्ण पठार ओलांडते, हेल्म्सडेलला समुद्राशी येते. स्वार खिडकीशी बसून दूरध्वनीवर आपले पान उघडतो. जुन्या गल्लीतला कुणी, ज्याला वर्षानुवर्षे पाहिले नाही, त्याने पाच पौंड घातलेले असतात.

तीन तासांच्या आतबाहेर लेअर्ग येते. गाडी मिनिटभर थांबते. कधीकधी समोरच्या फलाटावर, उत्तरेकडच्या गाडीची वाट पाहत, पिशव्या बांधलेली एखादी सायकल भिंतीला टेकून उभी असते.